शरदाची सुट्टी आणि आपली माणसे: साताऱ्यातील तरुण कुटुंबासाठी एक आराखडा

घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सुमारे चाळीस दिवस म्हणजे लहान मुले असलेल्या घराला वर्षभरात मिळणारा सणासुदीच्या सुट्ट्यांचा मोठा पट्टा असतो, आणि तोच बहुतेक घरांत सर्वांत जास्त धावपळीत जातो. दसऱ्याची सुट्टी, शाळेची दिवाळीची सुट्टी, कार्यालयातून मोठ्या मिनतवारीने मिळालेले तीन-चार दिवस, सासर आणि माहेर या दोन्ही ठिकाणची अपेक्षा, पुण्यामुंबईहून येणारे नातेवाईक आणि मुलांनी महिनाभर आधीपासून धरलेला फिरायला जाण्याचा हट्ट हे सगळे एकमेकांवर आदळते. शेवटी सुट्टी संपते तेव्हा गाडीचे किलोमीटर वाढलेले असतात. पण ज्या आजीने वर्षभर मूल सांभाळले तिच्यासोबत तासभर निवांत बसणे काही झालेले नसते. दोघेही नोकरी करणाऱ्या, दहा वर्षांखालील मुले असलेल्या आणि साताऱ्यात किंवा जवळपास राहणाऱ्या आई-वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील आराखडा लिहिला आहे. आधी माणसे ठरवावीत आणि त्यांच्यावरून ठिकाणे निवडावीत, एवढेच त्याचे सूत्र आहे.

यादी कशी करावी

भाद्रपद संपण्याच्या आत एका संध्याकाळी दोघांनी दिनदर्शिका आणि एक कोरा कागद घेऊन बसावे. कागदावर सरत्या वर्षात ज्यांच्या आधारावर घर चालले त्यांची नावे लिहावीत. दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या, मामा आणि मावशी ही नावे आपोआप येतात. पण शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत मुलाला घरात घेऊन बसणाऱ्या शेजारच्या काकू, शाळेच्या रिक्षाचे काका, धुणेभांडी करणाऱ्या मावशी, पाळणाघरातील ताई आणि रात्री अपरात्री औषध काढून देणारे कोपऱ्यावरचे दुकानदार ही नावे मुद्दाम आठवून लिहावी लागतात. प्रत्येक नावासमोर त्या व्यक्तीने नेमके काय केले ते एका ओळीत लिहावे. "खूप मदत केली" असे लिहून चालणार नाही. "जुलैमध्ये धाकटीला ताप होता तेव्हा तीन दिवस कामावरून लवकर येऊन थांबली" अशी ओळ हवी. ही ओळ पुढे बोलताना, पत्र लिहिताना आणि भेटवस्तू निवडतानाही उपयोगी पडते, आणि जिच्यासमोर काहीच लिहिता येत नाही अशा नावासाठी केवळ रीत म्हणून महागडा मिठाईचा डबा घेण्याची गरज नाही, हेही त्यातून समजते.

नावाच्या दुसऱ्या बाजूला त्या माणसाला काय झेपते ते लिहावे. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला घाटात मळमळते, कोणाला मधुमेह असल्याने वेळेवर जेवण लागते, कोणाला दिवाळीतही सुट्टी नसते, कोणाला गर्दी सोसत नाही. आजोबांना आनंद व्हावा म्हणून त्यांना गडावर नेले आणि ते अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिले, असे प्रसंग केवळ ही एक ओळ न लिहिल्यामुळे घडतात. हे झाल्यानंतरच तारखा आणि ठिकाणे यांच्याकडे वळावे.

तारखांपैकी सर्वांत नाजूक प्रश्न दिवाळी कोणाकडे, हा असतो. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण मुलीच्या माहेरी होतो, त्यामुळे तो वाद पहिल्या वर्षी उद्भवत नाही. खरा घोळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो. लक्ष्मीपूजन एकीकडे आणि भाऊबीज दुसरीकडे ही जुनी वाटणी अजूनही बरी आहे, कारण तिला दोन्ही घरे सरावलेली आहेत. मात्र ती काहीही असो, दसऱ्याच्या आत ठरवावी आणि दोन्ही घरांना एकाच दिवशी, शक्यतो ज्याच्या-त्याच्या मुलाने किंवा मुलीने स्वतः फोन करून सांगावी. सुनेने सासूला आणि जावयाने सासऱ्याला नकार कळवण्याची वेळ येऊ देऊ नये.

कासचे पठार: दिवाळीची वाट पाहू नये

साताऱ्याच्या पश्चिमेला यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले कासचे पठार हे या दिवसांतील पहिले आकर्षण आहे, आणि त्याच्याबाबतच सर्वाधिक कुटुंबांचे वेळापत्रक चुकते. पठारावरील फुलांचा बहर साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत गवत पिवळे पडू लागलेले असते आणि लांबून आलेले पाहुणे "फुले कुठे आहेत" असे विचारत परत जातात. म्हणून कासची सहल पितृपंधरवड्यात किंवा फार तर नवरात्राच्या पहिल्या दिवसांत उरकावी. पितृपंधरवड्यात नवी खरेदी न करण्याची रीत अनेक घरांत आहे. फुले पाहण्याला मात्र कोणी आडकाठी केल्याचे ऐकिवात नाही. शनिवार-रविवारी घाटातच तासन्तास अडकायला होते, त्यामुळे दोघांपैकी एकाला जरी आठवड्याच्या मध्ये रजा मिळत असली तरी ती यासाठी खर्च करावी.

पठाराचे वैशिष्ट्य मुलांना समजेल अशा भाषेत आधीच सांगून ठेवले, तर "फुलेच तर आहेत" ही तक्रार ऐकावी लागत नाही. येथे जांभ्या दगडाचा सपाट कातळ आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे. मोठी झाडे त्यात मूळ धरू शकत नाहीत. पावसाळ्यात मात्र पाणी साचून त्या थोडक्या मातीत लहान वनस्पती उगवतात, घाईने फुलतात, बी धरतात आणि पाणी आटण्यापूर्वी आपला जीवनक्रम पूर्ण करतात. त्यामुळे पंधरा दिवसांच्या अंतराने गेले तरी पठाराचा रंग बदललेला दिसतो. गुलाबी तेरडा आणि पिवळी सोनकी मुले लांबूनच ओळखतात. गेंदाची पांढरी गोल बोंडे ओलसर जागी सापडतात. जांभळट निळ्या रंगाची सीतेची आसवे दिसायला नाजूक असली तरी ती कीटकभक्षी वनस्पती आहे आणि मुळाजवळच्या बारीक पिशव्यांत ती पाण्यातील सूक्ष्म जीव पकडते, हे सांगितले की सहा-सात वर्षांची मुले तिथून हलत नाहीत. पानांवरच्या चिकट थेंबांत किडे अडकवणारा दवबिंदूही इथेच आहे. टोपली कारवी दर सात वर्षांनी फुलते. ती ज्या वर्षी फुलली असेल त्या वर्षी आजीला "मागच्या वेळी ही फुलली तेव्हा आमच्या घरी काय चालले होते" असे विचारावे. इतर कोणत्याही प्रश्नाने निघणार नाहीत अशा गोष्टी त्यातून निघतात.

पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले त्यांत कासचा समावेश आहे. हंगामात प्रवेशासाठी शुल्क आणि आगाऊ नोंदणी असते आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून निघण्यापूर्वी नोंदणी करून ठेवावी. आखून दिलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये. कातळावरचा तो पातळ थर एकदा तुडवला गेला की तिथे पुढच्या वर्षी काही उगवेलच असे नाही. फूल तोडायचे नाही हा नियम मुलांना जाच वाटू नये, म्हणून त्यांना एक काम द्यावे: यादीतील प्रत्येक माणसासाठी त्यांनी एक फूल शोधायचे, त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि ते फूल त्याच माणसाला का, हे सांगायचे. आमच्या शेजारच्या एका चिमुरड्याने आपल्या कडक शिस्तीच्या आजोबांसाठी कीटकभक्षी दवबिंदू निवडला होता, आणि आजोबांनी ते छायाचित्र कौतुकाने जपून ठेवले आहे.

वृद्ध मंडळी सोबत असतील तर सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी परतीची वाट धरावी. पठारावर सावली नाही. टोपी, पाणी, घसरणार नाहीत असे बूट आणि परतीच्या पावसाचा भरवसा नसल्यामुळे एक-दोन छत्र्या एवढे सामान पुरते. दुपार मोकळी ठेवायची असेल तर पुढे बामणोलीला उतरावे. पावसाळ्यानंतर कोयनेचा शिवसागर जलाशय तुडुंब भरलेला असतो आणि कोयना, सोळशी व कांदाटी यांच्या संगमाकडे होडीने जाता येते. गुडघे दुखणाऱ्यांना डोंगर चढण्यापेक्षा हा प्रवास मानवतो. अवघड असते ते होडीत पाय टाकणे आणि बाहेर पडणे, तिथे दोन्ही बाजूंनी हात द्यावा. जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याखेरीज मुलाला होडीत बसू देऊ नये, मग होडीवाला कितीही निर्धास्त असो.

सहलीच्या दिवशी आजीने डबा करू नये

ही सूचना लहान वाटेल, पण सगळ्या आराखड्यात ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते त्यांनाच आपण सणासुदीला सर्वांत जास्त राबवतो. सहल म्हटली की आदल्या रात्री दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करणारी, पहाटे चारला उठून सर्वांचे डबे भरणारी आणि परत आल्यावर पुन्हा पिठलेभात टाकणारी व्यक्ती कोण असते, ते प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. आजीला फिरायला नेणे हा तिचा मान असेल, तर त्या दिवशीचे स्वयंपाकघर मुलाने, सुनेने, जावयाने किंवा बाजाराने सांभाळावे. बाहेरचे खाणे पचत नसेल तर दोघांनी आदल्या रात्री मिळून दशम्या कराव्यात. त्या आजीसारख्या होणार नाहीत आणि आजी तसे बोलूनही दाखवेल. ते ऐकून घ्यावे.

फराळाचेही तसेच आहे. चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि अनारसे या सगळ्यांचा घाट घालून घरातील एकच बाई आठवडाभर तेलाच्या कढईसमोर उभी राहणार असेल, तर दोन पदार्थ घरी करून बाकीचे एखाद्या बचत गटाकडून किंवा घरगुती फराळ करणाऱ्या ओळखीच्या बाईंकडून मागवावेत. ज्या पदार्थावर आजीचा हात चालतो तो मात्र तिच्याकडून शिकून घ्यावा. मुलांना करंजीच्या कडा कातायला बसवावे आणि आजी सांगत असताना प्रमाण लिहून घ्यावे. "अंदाजाने घालायचे" असे तिने म्हटले की ती घालत असलेली मूठ वाटीत ओतून मोजावी. असे लिहून घेतलेले वहीचे पान पुढील अनेक वर्षे घरात वापरले जाते.

दसरा आणि कोजागरी

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. गाडी आणि संगणक यांच्यावर फूल ठेवून ती संपवण्याऐवजी मुलांना घरभर फिरवून वर्षभर ज्या वस्तूंनी काम केले त्या शोधायला सांगाव्यात. आजीचे शिवणयंत्र, वडिलांचा डबा, आजोबांची काठी, मिक्सर, सायकलचा पंप यांपैकी प्रत्येकासमोर उभे राहिले की ते वापरणारे माणूस आपोआप बोलण्यात येते.

दसऱ्याच्या दिवशी साताऱ्यात राजघराण्याचा शाही दसरा होतो आणि जलमंदिरातून भवानी तलवारीची मिरवणूक निघते. मुलांना ती एकदा तरी दाखवावी. पण तीन-चार वर्षांचे मूल आणि वृद्ध आई-वडील यांना घेऊन भर गर्दीत शिरण्यापेक्षा मार्गावर ओळखीच्या कोणाचे घर किंवा दुकान असल्यास त्यांच्याकडे आधी सांगून ठेवावे. सोने लुटण्याच्या बाबतीत एक विनंती आहे. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या दरवर्षी ओरबाडल्या जातात, आणि बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानेही खपवली जातात. यादीत जितकी माणसे आहेत तितकीच पाने घ्यावीत, आणि पान हातात देताना नावासमोर लिहिलेली ती एक ओळ बोलून दाखवावी. रिक्षाच्या काकांना पाचवीतील मुलाने सोने देऊन "तुम्ही पावसात माझ्यासाठी दहा मिनिटे थांबला होता" असे म्हणणे त्यांना घाईघाईत हातात कोंबलेल्या मिठाईपेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

कोजागरीला दूर कुठे जाऊ नये. इमारतीच्या गच्चीवर शेजाऱ्यांना बोलवावे, मसाला दूध आटवावे आणि लहान मुलांसाठी ते साडेआठ-नऊलाच वाटून टाकावे. मध्यरात्रीपर्यंत जागणे मोठ्यांनी करावे. वर्षभर एकमेकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आणि कुरिअर उतरवून घेणाऱ्या शेजाऱ्यांसाठी हाच दिवस राखून ठेवावा, कारण दिवाळीत प्रत्येक जण आपापल्या गावी गेलेला असतो.

दिवाळी: थोडे फिरणे, जवळचे फिरणे

दिवाळीच्या आठवड्यात महाबळेश्वरला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पसरणीचा घाट, पाचगणी आणि पुढचा रस्ता या दिवसांत वाहनांनी भरून जातो. बाहेरगावच्या माणसाला दुसरा पर्याय नसतो, साताऱ्याच्या माणसाला तो आहे. डिसेंबरमध्ये स्ट्रॉबेरीचा हंगाम लागल्यावर साध्या शनिवारी जावे. पुण्याहून नातेवाईक येणार असतील तर त्यांनाही खंबाटकीच्या घाटातील गर्दी टाळण्यासाठी पहाटे निघायला सांगावे.

सुट्टीतील पहिली सकाळ अजिंक्यताऱ्यावर घालवावी. गडाच्या दरवाज्यापर्यंत गाडीरस्ता असल्याने आजी-आजोबांना तिथपर्यंत नेता येते आणि वरून सगळे शहर दिसते, त्यामुळे "आपले घर शोधा" या एकाच खेळावर मुले अर्धा तास घालवतात. औरंगजेबाच्या फौजेने १७०० मध्ये वेढा घालून हा गड घेतला आणि त्याला आझमतारा असे नाव दिले. पुढे ताराराणींच्या काळात तो परत मिळाला आणि अजिंक्यतारा झाला, आणि १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. एवढी कथा मुलांसाठी पुष्कळ आहे. गडावर असताना त्यांच्याकडून एका वहीत दरवाजा, बुरूज, तळी आणि मंगळाई देवीचे मंदिर यांचा कच्चा नकाशा काढून घ्यावा, कारण त्याचा उपयोग घरी आल्यावर अंगणातल्या किल्ल्यासाठी करायचा आहे.

किल्ला हा दिवाळीतील एकच असा उद्योग आहे ज्यात आजोबांना मुलांपेक्षा जास्त कळते, म्हणून त्याची सूत्रे त्यांच्याकडे द्यावीत. विटा आणि दगड रचून आकार उभा करावा, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरावे, आणि ते थोडे सुकल्यावर चाळलेल्या मातीचा हात द्यावा. नुसत्या मातीचा ढीग केला तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. अळीव किंवा मोहरी पेरायची असेल तर वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरून रोज पाणी शिंपडावे, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत उतार हिरवे होतात. मावळे विकत आणावेत, पण तटबंदी विकतची आणू नये. सदनिकेत राहणाऱ्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात किंवा जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लहान किल्ला करावा. आकाराने काही बिघडत नाही. ज्यांच्या घरी आजोबा नाहीत त्यांनी शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांना हाक मारावी. ते आढेवेढे घेतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी हजर असतील.

जवळच्या फिरण्यासाठी लिंब येथील बारा मोटेची विहीर फार सोयीची आहे, कारण महामार्गापासून ती आत थोड्याच अंतरावर आहे आणि दोन तासांत पाहून होते. शिलालेखानुसार शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. अष्टकोनी विहीर, तिच्यावर बारा मोटांची सोय आणि आत छोटासा महाल अशी रचना आहे. मोट म्हणजे काय हे मुलांना पुस्तकातून कळत नाही. ज्या आजोबांनी लहानपणी मोट हाकलेली पाहिली आहे त्यांनी ते त्याच जागी उभे राहून सांगावे. पायऱ्या उंच असल्याने आजींना खाली उतरण्याचा आग्रह करू नये, आणि वरच्या कडेवर मुलाचा हात सुटता कामा नये.

पूर्ण दिवस हाताशी असेल तर वाई आणि मेणवली एकत्र करावी. वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट पाहावा. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे, आणि मुलांच्या आठवणीत वाड्यापेक्षा ती घंटाच राहते. घाटावर बसायला प्रशस्त पायऱ्या आहेत. पेन्शनीत निघालेल्या दोन व्याह्यांना तिथे एकत्र बसवून द्यावे आणि तरुणांनी मुलांना घेऊन बाजूला व्हावे. सज्जनगडावर गाडी बऱ्याच उंचीपर्यंत जाते, तरी शेवटी पायऱ्या चढाव्याच लागतात. ज्यांना त्या झेपतात त्यांना समर्थांच्या समाधीचे दर्शन आणि दुपारचा महाप्रसाद असा शांत दिवस मिळतो. ठोसेघरचा धबधबा दिवाळीपर्यंत बारीक झालेला असतो, त्याची फार अपेक्षा ठेवू नये.

पाडव्याचा अर्धा दिवस नवरा-बायकोने स्वतःसाठी ठेवावा. ओवाळणीत काय मिळाले यापेक्षा वर्षभरात एकमेकांच्या वाट्याची कोणती कामे कोणी उचलली हे शांतपणे बोलून घेणे तरुण जोडप्याला अधिक आवश्यक असते, आणि ते मुलांसमोर होत नाही. मुले आत्याकडे किंवा मामाकडे ठेवून शहरालगतच्या टेकडीवरील ‘चार भिंती’ या ठिकाणापर्यंत पायी जाऊन यावे, एवढे पुरेसे आहे.

पैसे आणि गाव

धुणेभांडी करणाऱ्या मावशींची दिवाळी वसुबारसेच्या आधी द्यावी, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्हे, कारण त्यांनाही बाजार करायचा असतो. रक्कम रोख द्यावी आणि जुनी साडी किंवा उरलेला फराळ तिच्यात धरू नये. शिवाय किमान दोन दिवस भरपगारी सुट्टी द्यावी आणि ती कोणत्या दिवशी हवी ते त्यांनाच विचारावे. मुलांच्या देखत हे सारे करावे, पण मुलाच्या हाताने पैसे देऊन त्याचा सोहळा करू नये.

शेती असलेल्या घरांनी एक दिवस गावी राखून ठेवावा. या सुमारास सोयाबीनची मळणी आटोपत आलेली असते, रब्बी ज्वारीची पेरणी चालू असते आणि कारखान्यांच्या गळीत हंगामाची तयारी सुरू झालेली असते. शहरात वाढणाऱ्या मुलाला ज्या चुलत्यांमुळे घरी वर्षभराचे धान्य येते त्यांच्यासोबत बांधावरून चालायला लावावे, आणि त्या दिवशी कामाला हात लावल्याशिवाय जेवायला बसू नये. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या पालांत उतरलेल्या दिसल्या तर मुलांना त्या लोकांचे काम समजावून सांगावे. त्यांच्या पोरांची छायाचित्रे काढत उभे राहू नये.

आभार कसे पोहोचवावेत

घरच्या माणसांचे तोंडावर आभार मानणे आपल्याकडे अनेकांना अवघडल्यासारखे होते. सासऱ्यांना "धन्यवाद" म्हटले तर ते चमकून पाहतात, आणि आजी "त्यात काय एवढं" म्हणून विषय झटकून टाकते. म्हणून लेखी मार्ग सोपा पडतो. मुलांकडून पोस्टकार्ड लिहून घ्यावे, त्यात एकच प्रसंग असावा, शुद्धलेखन सुधारू नये, आणि ते साताऱ्याच्या साताऱ्यातही टपालानेच पाठवावे. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी मुलाच्या आवाजात दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ते शेजारी बसून ऐकवावे. नुसते मोबाईलवर धाडून दिलेले संदेश शुभेच्छांच्या शेकडो चित्रांत हरवून जातात. कंदी पेढ्यांचा पुडा सोबत असला तर उत्तमच, मात्र मधुमेह असलेल्या मामांच्या हातात तो देऊन वर "एक खाल्ला तर काही होत नाही" असा आग्रह करू नये.

गेलेल्या माणसांची आठवणही या काळातच येते. ज्यांच्या घरी पितृपंधरवड्यात श्राद्ध होते त्यांनी त्या दिवशी मुलांना केवळ पानावर बसवू नये. ज्या पणजीचे श्राद्ध आहे ती कोण होती, तिला काय आवडत असे, आणि आज पानात तीच भाजी का वाढली आहे, हे सांगावे. ज्या घरांत श्राद्ध करत नाहीत तिथे जुनी छायाचित्रे काढून नावे मागे लिहून ठेवण्याचे काम याच दिवसांत करावे. ते आजी-आजोबा असेपर्यंतच होऊ शकते.

यादीतील काही माणसे दिवाळीत मिळतच नाहीत. रुग्णालयात पाळी असलेली परिचारिका वहिनी, एसटीच्या जादा गाड्यांवर गेलेले चालक काका, बंदोबस्तावर असलेला पोलीस भाऊ यांची दिवाळी बाकीच्यांची उरकल्यावर सुरू होते. त्यांच्यासाठी तुळशीच्या लग्नाची संध्याकाळ मोकळी ठेवावी. तोपर्यंत शाळा सुरू झालेली असली तरी हा समारंभ तासाभरात होतो, अक्षता वाटण्याचे काम मुलांना देता येते, आणि ऊस, चिंचा, आवळे एवढ्यात पूजा भागते. त्यांच्या वाट्याचा फराळ आधीच हवाबंद डब्यात वेगळा काढून त्यावर नाव चिकटवून ठेवावे. अन्यथा भाऊबीजेच्या पाहुण्यांतच तो संपतो. बोलावणे मात्र त्यांच्या पाळीचे वेळापत्रक विचारून करावे, आणि ते रात्री उशिरा येणार असतील तर मुलांना जेवू घालून झोपवून टाकावे.